गेटवेचा नंबर कितवा

आमच्या ऑफिसातलं नेटवर्क आत्यांनी टाकलं तेव्हा मालकांचे जावईबापू शाळेत जात होते. हे वाक्य आत्या स्वतः कधी बोलल्या नाहीत. पण जावईबापूंशी त्या दुसरं काहीही बोलत असल्या तरी आम्हाला तेच ऐकू यायचं.

आत्या म्हणजे मालकांची धाकटी बहीण. मालकांच्या मुली आत्या म्हणायच्या म्हणून आम्ही म्हणू लागलो, आणि आता माल घेऊन येणारे ड्रायव्हरही म्हणतात. धंदा बसगाड्यांच्या सुट्या भागांचा: ब्रेक लायनर, बेअरिंग, रबरी पाइप, गॅस्केट. पुढे ऑफिस, मागे गोदाम, मधल्या भिंतीला सरकती काच. मी बिलिंगला असते, काचेला पाठ करून. त्यामुळे ऑफिस सगळं दिसतं आणि गोदाम सगळं ऐकू येतं. कोण कुणाच्या खात्यावर किती राग साठवून आहे हे कळायला याहून बरी जागा नाही.

आत्यांचं नेटवर्क म्हणजे करंगळीएवढी जाड काळी वायर. ती भिंतींवरून, दारांच्या चौकटींवरून, एका ठिकाणी तर भिंतीवरच्या घड्याळाच्या मागून फिरते. सगळ्या वायरी आत्यांच्या कपाटावरच्या पत्र्याच्या डब्यात येऊन मिळतात. मशीनं जुनी, पडद्यावर हिरवी अक्षरं. स्टॉकचा प्रोग्रामही आत्यांनीच लिहिलेला. दिसायला सगळा गबाळा कारभार. पण कुठल्या रॅकवर काय पडलंय हे विचारा, चष्मा पुसून नाकावर चढवेपर्यंत उत्तर हजर.

या नेटवर्कची एक रीत आहे. प्रत्येक मशीनला एक नंबर असतो, तो मशीनच्या पोटातल्या कार्डावर मुंगीएवढ्या खटक्यांनी लावायचा. मशीनं नंबराप्रमाणे बोलतात. एकाचं बोलून झालं की त्याने पुढच्याला पाळी द्यायची. ज्याची पाळी तो बोलणार, बाकीचे गप्प बसणार. मालकांच्या घरात जे कधी जमलं नाही ते आत्यांनी वायरीत जमवलं होतं.

आता नंबर कसे द्यावेत याला शास्त्र काही नाही. दोघांना एकच नको, एवढीच अट. पण मंडळींनी ते मानाप्रमाणे घेतले. मालक एक. हेडक्लार्क नाना दोन. आत्या मालकांची बहीण असूनही त्यांनी तीन घेतला, कारण नानांच्या बोटाला धरून त्या हिशेब शिकलेल्या. गोदामकाका चार. मी बरीच खाली, आणि पॅकिंगवाले भाऊ तळाला. पाळी डोळ्यांचं पातं लवायच्या आत सगळ्यांकडून फिरून येते, वरचा नंबर काय नि खालचा काय, असं आत्यांनी किती वेळा तरी समजावलं. लोकांनी समजल्यासारखी मान हलवली आणि आपला नंबर छातीवर बिल्ला लावावा तसा जपला.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना बसकंपनीचा निरोप आला. बसकंपनी आमचं सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक. त्यांच्या खरेदीच्या बाई यापुढे फोन करणार नव्हत्या. त्या आपल्या टेबलावरून इंटरनेटवर विचारणार, तुमच्याकडे अमुक आहे का. आमच्या मशीनने तिथल्या तिथे सांगायचं. ऑर्डरही तशीच यायची. ज्यांना जमणार नाही त्यांनी वाईट वाटून घेऊ नये, असंही वर गोड शब्दांत लिहिलेलं. बसकंपनी गेली तर आमच्या गोदामात उंदरांना पळायला मैदान मोकळं, हे सांगायला कुणा ज्योतिषाची गरज नव्हती.

मालकांनी सगळ्यांना बोलावलं. जावईबापू लॅपटॉप उघडून तयारच होते. माणूस वाईट नाही. फक्त कुठलीही गोष्ट जुनी दिसली की त्याचे हात शिवशिवतात.

"हे नेटवर्क म्हातारं झालंय," ते म्हणाले. "काढून टाकू. स्टॉकचं काम बाहेरच्या एजन्सीला देऊ. मशीनं त्यांची, माणसं त्यांची. आणि आत्या आपल्या सल्लागार."

"सल्लागार म्हणजे?" गोदामकाकांनी माझ्या कानाशी विचारलं.

"घरी बसून फोनची वाट बघायची."

"आणि फोन आला तर?"

"येत नाही ना. तीच तर गंमत."

आत्या मालकांकडे बघून बोलल्या. "दादा, नेटवर्कला काही झालेलं नाही. त्याला फक्त बाहेरची भाषा येत नाही. दारात एक मशीन बसवते. त्याचा एक कान आत, एक बाहेर. बाहेरचं ऐकून आत आपल्या बोलीत सांगेल, आतलं ऐकून बाहेर त्यांच्या बोलीत. गेटवे म्हणतात त्याला."

"आणि नाही चाललं तर?" जावईबापूंनी विचारलं.

"तर मी सल्लागार, जावईबापू. त्याच दिवसापासून. आणि फोनसुद्धा करू नका."

हे बोलताना त्या हसल्या, पण हातातल्या पेनाचं टोपण उगाच लावत-काढत होत्या. हे नेटवर्क म्हणजे त्यांचं या ऑफिसातलं बसण्याचं कारण होतं. भावाची मेहरबानी म्हणून त्या इथे एक दिवसही बसल्या नसत्या.

एकीकडे पाठची बहीण, दुसरीकडे लेकीचा नवरा. मालकांनी शुक्रवारला पुढे केलं आणि स्वतः मागे सरले. "शुक्रवारी त्या बाई चाचणी घेणार आहेत. तोवर बघ. पुढचं पुढे."

आत्यांनी गोदामातून एक जुनं धूड मशीन काढलं, झाडलं, त्यात दोन कार्डं बसवली: एक आपल्या काळ्या वायरीचं, एक बाहेरून आलेल्या नव्या लाईनचं. मधे भाषांतर करणारा प्रोग्राम घातला. टेबलावर एकाच मशीनला जोडून बघितलं, तर हिरव्या पडद्यावर बाहेरच्या जगातून उत्तर आलं. आम्ही सगळे भोवती गोळा झालो होतो. पॅकिंगवाल्या भाऊंनी तर पडद्याला हात लावून बघितला.

मग प्रश्न आला नंबराचा.

"कालचा डबा तो," गोदामकाका म्हणाले. "शेवटचा नंबर द्या."

"म्हणजे माझ्या खाली?" पॅकिंगवाले भाऊ खुलले. "द्या, द्या. मी सांभाळून घेईन त्याला."

जावईबापूंना ते खपेना. "इंटरनेट म्हणजे या कंपनीचं भविष्य आहे. ते पॅकिंगच्या खाली?"

"मग काय माझ्या डोक्यावर बसवता?" गोदामकाका म्हणाले. "या हाडांनी ट्रकच्या ट्रक उतरवलेत. भविष्याने एक खोकं उचललंय का?"

"अहो, नुसता नंबर आहे!"

"नुसता आहे ना? मग तुम्ही घ्या पॅकिंगच्या खालचा."

जावईबापूंच्या लॅपटॉपला आमच्या वायरीत नंबरच नव्हता, त्यामुळे हा घाव जरा वर्मी बसला. आत्यांनी दोन्ही हात वर केले.

"थांबा. दोन नंबर रिकामा आहे. नाना रिटायर झाल्यापासून तो कुणाला दिलेला नाही. गेटवे नानांच्या जागेवर. कुणाला खाली सरकायला नको."

नानांच्या जागेवर कुणी हक्क सांगितला नव्हता, त्यामुळे कुणाला कुरकुरायलाही जागा नव्हती. जावईबापूंच्या भविष्याला वरचा नंबर मिळाला, काकांचा चार अबाधित राहिला, भाऊ पुन्हा तळाला गेले. आत्यांनी खटके दोनवर लावले आणि झाकण बंद केलं.

संध्याकाळी आम्ही निघालो तेव्हा त्यांनी गेटवे ऑफिसच्या वायरीत जोडला. सकाळी येऊन बघतो तर आत्यांचा चेहरा उजळलेला. "चाललं! स्टॉकच्या मशीनने बाहेर उत्तर दिलं. तुम्ही गेल्यावर बराच वेळ खेळत होते."

"बघू," म्हणत मी माझ्या टेबलावर बसले, पहिलं बिल घातलं, आणि पडदा गोठला. काकांचा गोठला. मालकांचा गोठला. सगळ्या ऑफिसचं बोलणंच बंद. आत्यांनी गेटवे काढला, तर लगेच सगळं ठीक. लावला की पुन्हा सगळे मुके.

त्या दिवशी आत्यांनी वायरीचे सांधे बदलले. संध्याकाळी परत जोडला: उत्तम. सकाळी परत मुके. दुसऱ्या दिवशी कार्ड बदललं. संध्याकाळी उत्तम, सकाळी मुके.

"संध्याकाळी शहाणं आणि सकाळी वेडं," जावईबापू म्हणाले. "आत्या, बसकंपनीच्या बाईंना सांगू का, ऑफिस सुटल्यावर या म्हणून?"

आत्या नुसत्या वाकून कार्डाचे स्क्रू पिळत राहिल्या. आत्या टोमणा उधार ठेवत नाहीत. ज्या अर्थी ठेवला, त्या अर्थी त्यांच्याकडे द्यायला काही शिल्लक नव्हतं.

शुक्रवार उजाडला. खरेदीच्या बाई अकराच्या सुमाराला चाचणी घेणार होत्या. दहाला गेटवे जोडला आणि ऑफिस नेहमीप्रमाणे गोठलं. मालक केबिनच्या दारात उभे होते, एक पाय आत, एक बाहेर. जावईबापूंनी एजन्सीवाल्याला फोन लावायला बाहेरची वाट धरली.

"थांबा," आत्या म्हणाल्या. "सकाळी असतं आणि संध्याकाळी नसतं, असं काय आहे?"

"आम्ही," मी म्हटलं.

"बरोबर. तुमच्यातलाच कुणीतरी गेटवेशी भांडतोय."

त्या स्टुलावर चढल्या आणि कपाटावरच्या डब्यातून एकेक वायर उपटायला लागल्या. माझी पहिली.

"म्हणजे संशय आधी माझ्यावर?"

"तुझ्यावर नाही गं, तुझी वायर हाताशी आली."

माझी काढून काही फरक पडला नाही. माझी परत लावली, काकांची काढली. काका काचेतून ओरडले, "माझी कशाला काढलीत? मी तर पहिल्या दिवसापासून शेवटचा नंबर द्या म्हणत होतो!" भाऊंची काढली. भाऊंनी निर्दोष सुटणारच, असा चेहरा करून वाट बघितली. मालकांची काढताना आत्या क्षणभर थांबल्या, मग म्हणाल्या, "दादा, माफ कर हं," आणि काढली. काही नाही. सगळ्यांच्या वायरी तपासून झाल्या.

तरी डब्यात एक वायर उरली होती. तिच्यावर चिठ्ठी नव्हती.

"ही कुणाची?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. आम्ही आपापल्या वायरी मोजून बसलेलो. एकही माणूस शिल्लक नव्हता. आत्यांनी ती ओढून काढली. माझ्या पडद्यावर बिल सरसर पुढे सरकलं. काकांच्या मशीनची पिपाणी वाजली. ऑफिसला एकदम कंठ फुटला.

"अरे, पण आहे कुणाची?" म्हणत आत्यांनी गेटवे काढून ती वायर परत लावली आणि त्या तिच्या मागे निघाल्या. चौकटीवरून, घड्याळामागून, खिडकीच्या कडेने. आम्ही सगळे मान वर करून त्यांच्या मागे. वायर कोपऱ्यातल्या टेबलापाशी उतरली.

नानांचं टेबल. पुसून लख्ख. मशीन चालू, पंखा मंद घुमतोय, पडद्यावर हिरवी रेघ लुकलुकतेय.

नाना रिटायर झाले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आत्यांनी सवयीने सगळ्यांबरोबर त्यांचंही मशीन चालू केलं होतं. सगळ्यांच्या आधी त्याच येतात, मशीनं त्याच उठवतात. तिसऱ्या दिवशी, आता बंद ठेवायचं म्हणजे नाना गेले असं म्हणण्यासारखं, म्हणून परत चालू केलं. मग ते चालूच राहिलं. संध्याकाळी कुणीतरी बंद करायचं, सकाळी आत्या लावायच्या. आम्ही रोज त्याच्या शेजारून जायचो. मशीनं मोजायची म्हणून आम्ही मोजली ती माणसं. आणि नंबर दोन रिकामा म्हणून ज्यांनी गेटवेला दिला, त्या स्वतःच रोज सकाळी नंबर दोन चालू करत होत्या. दोघंही दोन, पाळी आली की दोघंही उठायचे, आणि वायरीला कळेना, कुणाचं ऐकावं.

आत्यांनी कपाळावर हात मारला आणि खो खो हसत सुटल्या.

"मग बंद करा ना तो डबा!" जावईबापू पुढे झाले आणि बटनाकडे हात नेला.

"हात लावायचा नाही!" हे आम्ही सगळे एकदम ओरडलो. मालकसुद्धा.

"अहो, अकराला पाच कमी आहेत!"

गेटवे उघडून खटके बदलून परत उठवायला वेळ नव्हता. आणि नानांचं मशीन बंद करायला कुणाचा हात धजत नव्हता. आत्यांनी फोन उचलला आणि नानांच्या घरी लावला. आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला.

"नाना, आत्या बोलतेय. तुमचं मशीन बंद करू का?"

"कुठलं मशीन?"

"ऑफिसातलं. चालूच आहे ते. रोज लावते मी."

पलीकडे झारी खाली ठेवल्याचा आवाज आला. मग नाना म्हणाले, "मी इकडे झाडांना पाणी घालतोय आणि माझं मशीन तिकडे कामावर येतंय? त्याचा पगार कोण खातंय?"

मालकांनाही हसू आवरेना.

"नाना, एक नवीन आलाय, त्याला तुमचा नंबर दिला. तुमच्या दोघांची भांडणं होताहेत."

"कामाचा आहे का?"

"आहे. पाच मिनिटांत कळेल किती."

"मग त्याला दे की पोरी. मला कशाला विचारत बसलीस? बंद कर आणि कामाला लाग. आणि काय होतं ते नंतर सांग मला, विसरू नको."

आत्यांनी स्वतः पुढे होऊन बटन दाबलं. पंखा हळूहळू थांबला. मग त्यांनी वळून पदर कमरेला खोचला आणि गेटवे जोडला.

माझं बिल चाललं. काकांचं चाललं. मालकांनी आपल्या टेबलावर एक कळ दाबून बघितली आणि लहान मुलासारखं म्हणाले, "माझंही!"

इतक्यात फोन वाजला. खरेदीच्या बाई. "तयार आहात का? मी विचारतेय, तुम्ही कुणी काही करायचं नाही. मशीनला बोलू द्या."

आम्ही हात मागे बांधून उभे राहिलो. आत्यांच्या पडद्यावर प्रश्न उमटला: ब्रेक लायनर, अमुक माप. खाली उत्तर उमटलं. फोनवर बाई म्हणाल्या, "हं." दुसरा प्रश्न, उत्तर. "हं." तिसरा, चौथा. बाईंच्या प्रत्येक 'हं'ला जावईबापूंचे ताठ खांदे थोडे थोडे खाली उतरत होते. त्यांनी लॅपटॉप मिटला, तो टेबलावर ठेवून विसरलेसुद्धा, आणि आत्यांच्या खुर्चीमागे येऊन वाकून बघू लागले.

मग बाईंनी असं काही विचारलं की पडदा क्षणभर तसाच राहिला. फार जुन्या, बॉनेट पुढे आलेल्या नाकाड्या बसचं गॅस्केट. उत्तर आलं: आहे, मागचा रॅक, वरचा कप्पा.

"हे चुकलं तुमचं," बाई म्हणाल्या. "मी चार मोठ्या कंपन्यांना विचारलं. सगळ्यांची मशीनं म्हणतात, असा भागच अस्तित्वात नाही. आमच्या सहा गाड्या त्यावाचून डेपोत उभ्या आहेत."

आत्यांनी काचेकडे बघितलं. "काका!"

काका शिडीवर चढलेलेच होते. धूळ खाली, मग खोकला खाली, आणि मग चक्क आरोळी: "आहेत! खोकंच्या खोकं आहे! सील फोडलेलं नाही!"

ती आरोळी बाईंना फोनवर सरळ ऐकू गेली असावी, कारण त्या हसल्या. "मशीनला बोलू द्या म्हटलं होतं ना मी?"

"मशीन आधीच बोललं होतं, बाई," आत्या म्हणाल्या. "तुम्हीच विश्वास ठेवला नाहीत."

पुढच्या क्षणी प्रिंटर कुरकुरला. ऑर्डर आली होती. बाहेरून, नव्या लाईनवरून, गेटवेतून, घड्याळामागच्या काळ्या वायरीतून, आणि कुणी बोटही न लावता कागदावर उतरत होती. आधी गॅस्केट. मग लायनर. मग बेअरिंग. भाऊ एकेक ओळ मोठ्याने वाचत होते आणि काका शिडीवरून "हो!", "आहे!", "काढतो!" असे ओरडत होते. कागद संपायला आला तरी प्रिंटर थांबेना.

"जावईबापू," आत्या म्हणाल्या, "कपाटात कागदाचा गठ्ठा आहे. आणता का?"

जावईबापू पळत गेले. आणला, लावला, वाकडा लागला म्हणून परत काढून सरळ लावला. "आत्या," ते म्हणाले, "ते एजन्सीचं मी... आपण... राहू दे ना ते?"

"मला काय विचारता? तुमच्या सासऱ्यांना विचारा."

मालक आता दोन्ही पायांनी बाहेर आले होते. त्यांनी बहिणीकडे बघितलं. माल विकताना या माणसाला शब्द कमी पडत नाहीत. आता एवढंच म्हणाले, "तू जेवलीस का?"

"सकाळचे सव्वाअकरा वाजलेत, दादा."

फोन अजून चालूच होता. खरेदीच्या बाईंनी घसा साफ केला. त्यांचा आवाज आता थोडा खालच्या पट्टीत होता. "एक विचारू? आमच्या तीन डेपोंमध्ये अशीच जुनी वायर आहे. तज्ज्ञ आले, बघून म्हणाले, उखडून टाका. माझं मन होत नाही. हे ज्यांनी केलं, त्या कोण?"

मालकांनी तोंड उघडलं, पण आत्यांच्या आधी त्यांना बोलता आलं नाही.

"मीच ती."

"येऊन बघाल का आमचं? म्हणाल तेव्हा गाडी पाठवते."

आत्यांनी ऑफिसभर नजर फिरवली. शिडीवर धुळीने माखलेले काका, कागदाचं लांबलचक शेपूट हातावर गुंडाळून घेतलेले भाऊ, प्रिंटरपाशी ओणवे झालेले जावईबापू, आणि मी.

"गाडी नको," त्या म्हणाल्या. "बस पाठवा. माझी माणसं बरीच आहेत."